हरलेल्या बाजूचा माणूस : मिनू मसानी

मे १९९८ च्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवसांच्या अंतराने, दोन म्हातारी माणसं गेली. २७ मे रोजी मुंबईत मिनू मसानी गेले, वय ९२. २९ मे रोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात बॅरी गोल्डवॉटर गेले, वय ८९. दोघांचं म्हणणं बरंचसं सारखं होतं. सरकारने माणसाच्या कामधंद्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, कर कमी असावेत, आणि कम्युनिस्ट राजवटींशी तडजोड करू नये. दोघांनीही निवडणुकीत सपाटून मार खाल्ला. पण गोल्डवॉटर यांच्या पराभवातून अमेरिकेचं अख्खं राजकारण उजवीकडे वळलं. आणि मसानींच्या पराभवानंतर तीन वर्षांत त्यांचा पक्षच नकाशावरून पुसला गेला. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर मसानींचं आयुष्य बघावं लागतं.

आता कुणी म्हणेल, आपण इंजिनिअरिंगची पोरं, आपल्याला या जुन्या राजकारणाचं काय? सांगतो. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथे परदेशी कंपन्या फ्रिज बनवतात, मोटारी बनवतात. तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभला केमिकलचे कारखाने आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हटलं की यापैकी कुठेतरी जाणं आलंच. पण १९७० च्या आसपास कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा नवीन वस्तू बनवायची, तर आधी दिल्लीहून लायसन्स लागायचं. ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त माल काढला तर बक्षीस नाही, उलट कारवाई! स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. हे चूक आहे असं संसदेत उभं राहून सांगणारी जी थोडी माणसं होती, त्यात मसानी पुढे होते.

मिनोचर रुस्तम मसानी यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वडील सर रुस्तम मसानी हे मुंबई महापालिकेचे आयुक्त आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे घरात पुस्तकं आणि शिस्त दोन्ही भरपूर. एल्फिन्स्टन कॉलेज, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मग बॅरिस्टरी, असा साहेबी प्रवास झाला. लंडनच्या त्या वातावरणात हा मुलगा पक्का समाजवादी होऊन परत आला. होय, समाजवादी! रशियाही त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिला होता.

परत आल्यावर वकिली बाजूला पडली आणि सविनय कायदेभंगात तुरुंग वाट्याला आला. नाशिकच्या तुरुंगात त्या वेळी एकापेक्षा एक तरुण मंडळी होती. जयप्रकाश नारायण होते, नगरचे अच्युतराव पटवर्धन होते, अशोक मेहता होते, पुण्याचे ना. ग. गोरे होते. तिथल्या चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला, जयप्रकाशजी सरचिटणीस झाले आणि मसानी सहचिटणीस.

इथपर्यंतची गोष्ट त्या पिढीतल्या अनेकांची आहे. वेगळेपण यापुढे सुरू होतं. १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत स्टालिनने आपल्याच जुन्या क्रांतिकारक सहकाऱ्यांवर खटले चालवले आणि त्यांना संपवलं. इथल्या अनेक समाजवाद्यांनी तिकडे काणाडोळा केला. मसानींना ते जमलं नाही. ज्या देशात सगळे कारखाने, सगळी जमीन, सगळी वर्तमानपत्रं सरकारची, तिथे सरकारच्या विरोधात बोलणाऱ्याने खायचं काय आणि छापायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. पुढे टाटा समूहात नोकरी धरली. १९४० मध्ये मुलांसाठी 'अवर इंडिया' हे पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. १९४३ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले आणि १९४४ मध्ये समाजवादाचा फेरविचार मांडणारं छोटं पुस्तक त्यांनी काढलं.

मत बदलणं आपल्याकडे फार वाईट समजतात. पण एक लक्षात घ्या, मसानींनी मत बदललं तेव्हा समाजवादाची लाट चढती होती. वाऱ्याच्या दिशेने पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. हे वाऱ्याच्या तोंडाला उभे राहिले.

घटना समितीतही ते होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांच्यासह त्यांनी समान नागरी कायद्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला नाही तेव्हा भिन्नमत नोंदवलं. नंतर काही काळ ब्राझीलमध्ये राजदूत. १९५२ मध्ये 'फ्रीडम फर्स्ट' हे मासिक निघालं आणि १९५७ मध्ये रांचीकडच्या मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून लोकसभेत गेले.

मग आलं १९५९ साल. जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांनी बांध काढून जमिनी एकत्र कराव्यात आणि मिळून कसाव्यात, अशी ती कल्पना. मसानींना त्यात रशियाच्या सामुदायिक शेतीची सावली दिसली. ऐंशी वर्षांचे राजाजी, आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा आणि मसानी यांनी मिळून त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. मसानी सरचिटणीस. सरकारी लायसन्स-परमिटला विरोध, शेतकऱ्याच्या मालकी हक्काला पाठिंबा, असा सरळ कार्यक्रम होता.

पक्ष वाढला, आणि चांगलाच वाढला. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा. १९६३ मध्ये मसानी स्वतः राजकोटची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले. १९६७ मध्ये ४४ जागा, म्हणजे काँग्रेसच्या खालोखाल लोकसभेतला सर्वात मोठा पक्ष! संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी बाकावरच्या माणसाला देण्याची प्रथा पडली ती त्याच वर्षी, आणि तो पहिला माणूस मसानी. सरकारी खर्चाचा हिशेब विरोधकाने तपासायचा, ही साधी पण फार मोलाची गोष्ट आहे.

आता जरा अमेरिकेकडे वळू. तिथे १९६४ मध्ये गोल्डवॉटर रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि ५० पैकी फक्त ६ राज्यं जिंकले. सगळ्यांना वाटलं, हा विचार आता गाडला गेला. पण त्यांच्या मागे गावोगावचे स्वयंसेवक आणि छोट्या देणगीदारांच्या याद्या उरल्या. १९५५ पासून विल्यम बकली यांचं 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक वैचारिक खतपाणी घालत होतंच. आणि गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी टीव्हीवर भाषण करणारा एक सिनेनट लोकांच्या लक्षात राहिला, रोनाल्ड रेगन. हेही पूर्वी डेमोक्रॅट, नटांच्या युनियनचे अध्यक्ष, म्हणजे मसानींसारखेच कूस बदललेले. १९६६ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९७० च्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मतदान करून घरपट्टीला लगाम घातला. धार्मिक मंडळी संघटित झाली. दक्षिणेतले गोरे मतदार, जे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या कायद्यावर नाराज होते, ते डेमोक्रॅट पक्षापासून तुटत गेले. या सगळ्या ओढ्यांची एक नदी झाली आणि १९८० मध्ये रेगन ४४ राज्यं जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणजे गोल्डवॉटर ते रेगन, सोळा वर्षं लागली. आपल्याकडे मसानींना ती सोळा वर्षं मिळाली नाहीत. का?

पहिलं कारण, पक्षाची जमवाजमव. कार्यक्रम स्वातंत्र्याचा, पण मतं आणायला बऱ्याच ठिकाणी राजे-महाराजे आणि जमीनदार. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, बिहारमध्ये रामगढचे राजे. सामान्य माणसाला वाटलं, हा पक्ष श्रीमंतांचा. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या पुढाऱ्यांमुळे ती समजूत आणखी पक्की झाली. दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. १९६२ आणि १९६७ या दोन्ही सार्वत्रिक निवडणुकांत महाराष्ट्रातून स्वतंत्र पक्षाचा एकही खासदार निवडून आला नाही. पक्षाचा जन्म शेतकऱ्याच्या जमिनीच्या प्रश्नावर झाला, मग इथला शेतकरी त्यांच्यामागे का गेला नाही? कारण इथे सहकार आला तो वेगळ्या वाटेने. बांध मोडले नाहीत. जमीन ज्याची त्याची राहिली आणि ऊस मात्र सगळ्यांचा एका कारखान्यात गेला. दौंडमध्ये पाटसचा भीमा, शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा, असे कारखाने याच पद्धतीने उभे राहिले. ज्याची भीती मसानी घालत होते ती सामुदायिक शेती इथे आलीच नाही. आणि गाळप, कर्ज, पाणी यासाठी सत्तेशी जवळीक ठेवण्यात शेतकऱ्याला फायदा दिसत होता. अशा माणसाला सरकार दूर ठेवा म्हणून सांगून कसं पटणार?

तिसरं कारण इंदिरा गांधी. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले ते आर. सी. कूपर, स्वतंत्र पक्षाचेच नेते. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये खटला जिंकलेही. पण कोर्टात जिंकलेला खटला पारावर हरला. सरकारने नवा कायदा केला, आणि १९७१ च्या निवडणुकीत गरिबी हटावच्या घोषणेपुढे विरोधकांची आघाडी वाहून गेली. स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर आला. मसानी राजकोटमध्ये पडले आणि पक्षाच्या पदावरून बाजूला झाले. १९७२ मध्ये राजाजी गेले, १९७४ मध्ये पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला. खेळ खल्लास! त्याच सुमारास आपल्याकडे आयकराचा सर्वात वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर पोचला होता, यावरून वारा कुठल्या दिशेने वाहत होता ते कळेल.

एवढं झाल्यावर सत्तरीतला माणूस गप्प घरी बसला असता तर कुणी दोष दिला नसता. पण १९७५ मध्ये आणीबाणी आली. 'फ्रीडम फर्स्ट'चा मजकूर सेन्सॉरने छापू दिला नाही. मोठमोठी वर्तमानपत्रं निमूट बसली होती. एवढ्याशा मासिकाचे संपादक मसानी मात्र मुंबई हायकोर्टात गेले आणि १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, निकाल त्यांच्या बाजूने लागला. माझ्या मते मसानींच्या आयुष्यातला सर्वात मोठा विजय हाच. ४४ खासदार असताना जे जमलं नाही ते एका मासिकाने करून दाखवलं. पक्ष राहिला नव्हता, पण सरकारला मर्यादा असते हे मूळ म्हणणं शाबूत होतं.

पुढची गंमत तर औरच. २४ जुलै १९९१ रोजी बहुतेक उद्योगांची लायसन्स पद्धत रद्द झाली आणि ती रद्द केली काँग्रेसच्याच सरकारने. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, दुसरा इलाजच नव्हता. मसानी तेव्हा ८५ वर्षांचे होते. त्यांनी तीस वर्षं जे मागितलं ते त्यांच्या विरोधकांनी दिलं. श्रेयाच्या यादीत त्यांचं नाव मात्र क्वचितच दिसतं. १९९४ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'स्वतंत्र भारत पक्ष' काढला, तेव्हा निदान नावापुरता तो जुना धागा आपल्या चाकण-आंबेठाणच्या शिवारात पुन्हा दिसला.

याचा अर्थ मसानी सगळ्याच बाबतीत बरोबर होते असा नाही. रेगन यांनी वरचा करदर ७० वरून २८ टक्क्यांवर आणला, पण त्यांच्या आठ वर्षांत अमेरिकेच्या सरकारचं कर्ज जवळपास तिप्पट झालं. बाजार सगळ्यांना सारखं देत नाही, हे रांजणगावच्या गेटवर कंत्राटी कामगाराला विचारा, तोही सांगेल. ज्या सरकारी कालव्याने दौंड-शिरूरच्या कोरड्या जमिनी भिजल्या, तो कालवा बाजाराने खोदला नव्हता. सरकार किती आणि कुठे, हा वाद संपलेला नाही, संपूही नये.

पण मसानींकडून घेण्यासारखं काय असेल तर ते हे. पुरावा समोर आल्यावर स्वतःचं मत तपासायला ते घाबरले नाहीत. आणि एकदा तपासून घेतल्यावर, बाजू हरते आहे म्हणून सोडलं नाही. रात्री होस्टेलच्या गॅलरीत आपले वाद रंगतात, तेव्हा चारजण एकीकडे आणि एकटा दुसरीकडे असं नेहमी होतं. आपण त्या एकट्याला आवाज चढवून गप्प करतो. तसं करू नका मित्रांनो. त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. तो आज हरेल, पण त्याने काढलेला प्रश्न कदाचित तीस वर्षांनी आपल्यालाच सोडवावा लागेल.