पंडिता रमाबाई : स्त्रियांच्या आजाराला वाचा देणारी साक्ष

भारतातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाल्या पाहिजेत, ही मागणी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका चोवीस वर्षांच्या विधवेने सरकारी आयोगापुढे मांडली होती. त्या होत्या पंडिता रमाबाई. शारदा सदन आणि मुक्ती सदन या संस्थांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. आरोग्यसेवेसाठी त्यांनी केलेला आग्रह मात्र फारसा सांगितला जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत राहिले. दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही काळाच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई पायी उत्तरेकडे निघाल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला, परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. उपचारांवाचून माणसे कशी मरतात हे त्यांना ऐकून शिकावे लागले नाही.

लहानग्या मनोरमेला घेऊन त्या त्याच वर्षी पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेला हंटर आयोग तेव्हा पुण्यात आला होता. विषय शिक्षणाचा होता. रमाबाईंनी शिक्षिका आणि स्त्री निरीक्षकांबरोबरच स्त्री डॉक्टरांचाही प्रश्न मांडला. आपले दुखणे परपुरुषाला सांगण्यापेक्षा स्त्रिया मरण पत्करतात, म्हणून वैद्यकीय शिक्षणाची दारे त्यांना उघडली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. हंटर इतके प्रभावित झाले की, ही मराठी साक्ष इंग्रजीत भाषांतरित करून त्यांनी स्वतंत्रपणे छापली.

१८८५ साली स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी लेडी डफरिन यांचा निधी सुरू झाला. त्याचे श्रेय अनेक चरित्रकार या साक्षीला देतात. हे श्रेय एकट्या रमाबाईंचे मानणे बरोबर नाही. मुंबईत स्त्रियांसाठीच्या कामा रुग्णालयाची पायाभरणी १८८३ मध्येच झाली होती. पण आपल्या बायकांच्या वतीने एका मराठी स्त्रीने सरकारपुढे बोलावे, ही गोष्ट नवी होती.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्या स्वतः डॉक्टर होण्याच्या उद्देशाने. वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या राहिल्या. स्वतःला न मिळालेली पदवी आनंदीबाई जोशी यांना मिळताना पाहण्यासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे क्षयाने पुण्यात निधन झाले. वय अवघे एकवीस. हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतून मदत मिळू लागली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. रँडसाहेबांच्या अमलात गोरे सैनिक घरोघर शिरून तपासणी करीत आणि संशयितांना प्लेगच्या रुग्णालयात किंवा छावणीत नेत. तेथे स्त्रियांच्या रक्षणाची तजवीज नाही आणि आपल्या आश्रमातील एका मुलीचे तेथे रक्षण झाले नाही, असे पत्र रमाबाईंनी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'ला लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते असत्य ठरविले. सैनिकांच्या वर्तनाबद्दल इंग्लंडमध्ये बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांना त्याच वर्षी माफी मागावी लागली, कारण माहिती देणारे पुण्याहून पुढे येईनात. रमाबाईंनी स्वतःच्या नावाने लिहिले होते, हे विसरता येत नाही. धर्मांतरामुळे पुण्यातील अनेकांनी त्यांना आधीच दूर केले होते आणि आता सरकारही रुष्ट झाले.

दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसह त्यांनी केडगाव गाठले आणि मुक्ती सदन उभारले. शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे निधन झाले.