बालकांची कैवारी : मार्गारेट मॅकमिलन

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचा परिचय लिहून द्यावा, असे मंडळाने मला सुचविले, तेव्हा मार्गारेट मॅकमिलनबाईंचेच नाव प्रथम मनात आले. त्याचे कारण घरगुती आहे, ते शेवटी सांगेन.

मार्गारेटबाईंचा जन्म १८६० साली अमेरिकेत झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. १८६५ साली स्कार्लेट फीव्हर या तापाने वडील व धाकटी बहीण गेली आणि मार्गारेटला बहिरेपण आले. आई उरलेल्या दोघी मुलींना घेऊन माहेरी, इनव्हर्नेसला परतली. चौदाव्या वर्षी मार्गारेटला पुन्हा ऐकू येऊ लागले. ऐकू न येणाऱ्या मुलाचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

१८९३ साली त्या इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी राहावयास गेल्या व पुढच्याच वर्षी तेथील शाळामंडळावर निवडून आल्या. स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट! वर्गात त्यांना काय दिसले? उपाशी, अंगावर खरूज, कान वाहणारी मुले. कित्येक पोरे अर्धा दिवस गिरणीत राबून शाळेत येत. त्यांच्या खटपटीने १८९७ साली शाळेत स्नानगृह झाले. डॉक्टर जेम्स केर यांच्यासह त्यांनी १८९९ साली विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी केली. सरकारी प्राथमिक शाळांतील पहिली तपासणी म्हणून इंग्लंडात तिचाच उल्लेख होतो.

पुढे १९०७ साली कायदा झाला आणि शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची तपासणी करणे शाळाधिकाऱ्यांना बंधनकारक झाले. दुसरी कोणी असती तर येथेच समाधान मानती. परंतु बाईंनी ओळखले की, दोष कागदावर लिहिल्याने तो बरा होत नाही. म्हणून १९०८ साली लंडनच्या बो भागात व १९१० साली डेप्टफर्डला त्यांनी मुलांसाठी दवाखाने काढले. तेथे डोळे, दात, कान तपासून उपचारही होत. पण बरी झालेली मुले कोंदट घरी जाऊन पुन्हा आजारी पडत. मग थोरली बहीण रेचेल हिच्यासह त्यांनी १९१४ साली मोकळ्या हवेतील बालवाडी उघडली. १९१७ साली रेचेल गेली. मार्गारेटबाईंनी बालवाडीला बहिणीचे नाव दिले आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत काम सोडले नाही.

आता माझे कारण. माझा मुलगा शाळेत दाखल झाला, तेव्हा तपासणीच्या डॉक्टरांनी त्याचे कान दाखवून घ्यावेत अशी चिठ्ठी दिली होती. ती मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि विसरले. वर्षभर बाई म्हणत की मुलाचे लक्ष नसते, आणि मी त्याला रागावत राहिले. दिवाळीची आवरासावर करताना चिठ्ठी हाती आली. उपचाराने त्याला नीट ऐकू येऊ लागले. पण त्या वर्षातले माझे बोलणे मला परत घेता येत नाही.

आज आपल्याकडेही अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर आपल्याच पालघरहून झाला. भगिनींनो, घरी जाऊन आपापले खण एकदा उघडून पाहा. अशी चिठ्ठी सापडली आणि दवाखान्यात एकटीने जाण्याचा संकोच वाटला, तर मला हाक मारा. मी सोबत येईन.