अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकर

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या विद्वत्तेचा पाया अर्थशास्त्राचा होता, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील महू येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे करून, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रा. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी सरकारी जमाखर्चाच्या शास्त्राचे अध्ययन केले. १९१५ साली ते एम. ए. झाले व पुढच्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्धाच्या त्या धामधुमीत त्यांचे ग्रंथ घेऊन येणारी बोट शत्रूने बुडविली.

करारानुसार ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. पण त्या शहरात एवढ्या विद्वानास राहावयास घर मिळेना. मुंबईस परतून त्यांनी शेअरच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले. पदव्या त्याच होत्या, ज्ञानही तेच होते. तरी बाजाराचे दार बंद झाले.

१९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतनातील शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेली उसनवारी यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालयांत दिवसचे दिवस बसून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध केला. परीक्षकांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांनंतर १९२३ साली त्यास डी. एस्सी. पदवी मिळाली. चलन काढणाऱ्या सरकारच्या मर्जीवर चलनाचे प्रमाण अवलंबून राहू नये आणि रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याबद्दल १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच. डी. दिली.

केंद्र व प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीचा तरुणपणी अभ्यास करणारा हा विद्वान पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. केंद्र व राज्ये यांच्यातील करवाटपासाठी वित्त आयोगाची तरतूद त्याच घटनेत आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या विद्येला बाजाराने नाकारले, ती अखेर राष्ट्राच्या कामी आली.