चित्रकलेची शाळा सुटली आणि लोखंडी नांगर आला

दहावीचा निकाल लागला की तिसगाव परिसरात घरोघरी एकच विषय, सायन्स की आर्ट्स? आयटीआय किंवा कृषी पदविकेचं नाव काढलं, तर पोराला दुसरीकडे कुठं घेतलं नाही असाच लोक अर्थ काढतात. अशा घरांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र माहीत करून घ्यावं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांना हे पसंत नव्हतं, पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी राहिले. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. पण ते घरी परतले नाहीत. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही, म्हणून ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तिथं बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान टाकलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या!

तिथून कडबा कापायचं यंत्र निघालं आणि मग लोखंडी नांगर. आता गंमत पाहा, लोखंडानं जमीन विषारी होते अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. (नवीन अवजाराचं प्रात्यक्षिक घेताना असा संशय आम्हालाही अजून भेटतो.)

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ ३२ एकर निवडुंगाचा माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केले गेले.

माणसं घेताना लक्ष्मणरावांनी दाखला पाहिला नाही, हात पाहिला. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली. तेच पुढं कारखान्याचे नामांकित इंजिनिअर ठरले. पण पदवीचं वावडं लक्ष्मणरावांना मुळीच नव्हतं. मुलगा शंतनुराव याला त्यांनी अमेरिकेत शिकायला पाठवलं. तो १९२६ मध्ये एमआयटीची पदवी घेऊन आला आणि त्याच कारखान्यात कामाला लागला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले.

आपल्या पाथर्डी तालुक्यातून दरसाल ऊसतोडीला माणसं जातात, त्यांच्या पोरांची शाळा मध्येच तुटते. ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना विनंती, की निकालानंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अकरावीबरोबरच आयटीआय, तंत्रनिकेतन आणि कृषी पदविकेच्या अर्जाच्या तारखाही लिहाव्यात. आठवी पास मुलांनाही आयटीआयच्या काही ट्रेडला प्रवेश मिळतो, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं.