न्यायमूर्ति रानडे यांचें बालपण व विद्यार्थिदशा

कोल्हापूरच्या शाळेंत शिकून पुढें ज्यांच्या विद्वत्तेची कीर्ति उभ्या हिंदुस्थानांत पसरली, अशा पुरुषांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांच्या सार्वजनिक कार्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. प्रस्तुत लेखांत मात्र त्यांच्या बालपणाकडे व विद्यार्थिदशेकडेच मुख्यतः पाहावयाचें योजिलें आहे, व त्यास कारणहि तसेंच आहे. हुशार मुलें निवडून घेणाऱ्या शाळा व त्यांच्या प्रवेशपरीक्षा यांचें सध्यां आपल्या जिल्ह्यांत मोठें प्रस्थ आहे. कागलचें नवोदय विद्यालय, साताऱ्याची सैनिकी शाळा, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी, यांत आपला मुलगा निवडला जावा म्हणून आईबाप फार आधींपासून तयारीस लागतात. अक्षरांशीं पुरती ओळख झाली नाहीं तोंच आकृत्यांचीं व अंकांचीं कोडीं मुलापुढें येऊन पडतात. लहानगा महादेव अशा परीक्षेस बसता तर त्याचें काय झालें असतें?

त्याचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव यांस पुढें कोल्हापूर संस्थानांत नोकरी मिळाली, आणि महादेवाचें बालपण याच नगरांत गेलें. मुलगा अंगानें थोराड, बोलण्यांत मंद व चारचौघांत गप्प बसणारा होता. त्यास कशाची हौस नसे. अंगावर दागिना घातला तर तो कोणास दिसूं नये अशी खटपट करी. शेजारच्या कीर्तन्यांचीं मुलें चुणचुणीत, आणि आपला हा असा! त्याची आई गोपिकाबाई हिला घोर लागे कीं, हा पुढें चार पैसे तरी मिळवील कीं नाहीं.

तिच्या चिंतेस आपण हंसूं नये. मुलाची परीक्षा प्रथम घरांतच होते, व शेजारच्या मुलाशीं तुलना करून गुण देण्याची चाल आजचीच नाहीं.

पण त्या मुलाच्या ज्या गोष्टी रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविल्या आहेत, त्या वाचतां निराळेंच चित्र दिसतें. अगदीं लहान असतां रात्रीच्या प्रवासांत तो बैलगाडींतून खालीं पडला. गाडींत सर्व निजलेले. गाडी तशीच पुढें गेली. मागून घोड्यावर बसून काका येत होते. मुलानें रडून आकांत न करतां त्यांस हांक मारली व आपण पडल्याचें सांगितलें. दुसरी गोष्ट सोंगट्यांची. खेळावयास कोणी नव्हतें, म्हणून त्यानें घरांतील खांबालाच गडी केलें. खांबाचे फांसे तो उजव्या हातानें टाकी व स्वतःचे डाव्या हातानें. डाव खांबानें जिंकला! पाहणारे हंसले, तरी महादेवानें आपली हार निमूटपणें कबूल केली. दोन्ही बाजूंचे फांसे स्वतःच्याच हातीं असतां खांबाचें दान चोरावें असें त्याच्या मनांतहि आलें नाहीं. पुढें न्यायासनावर बसून दोन पक्षांचें म्हणणें तोलणारा पुरुष येथें दिसतो, असें मला वाटतें. परंतु हा गुण कोणत्या प्रश्नपत्रिकेंत सांपडावा?

बुद्धिमापनाच्या कसोट्या निघाल्या त्या रानड्यांच्या मृत्यूनंतर. पॅरिसच्या आल्फ्रेड बीने यानें सीमोन याच्या साह्यानें १९०५ मध्यें पहिली कसोटी रचली. तिचा हेतु हुशार मुलें वेंचण्याचा नव्हता. ज्या मुलांस शाळेंत अधिक मदत हवी तीं ओळखावीं, एवढाच होता. तिच्यावरून मराठी व कानडी मुलांसाठीं व्ही. व्ही. कामत यांनीं कसोट्या तयार केल्या. अमेरिकेंत मात्र टर्मन यानें १९२१ मध्यें कॅलिफोर्नियांतील असामान्य मुलें या साधनानें निवडण्यास आरंभ केला. त्या निवडींत विल्यम शॉक्ली व लुई अल्व्हारेझ हे दोन मुलगे बसले नाहींत. पुढें १९५६ व १९६८ मध्यें त्या दोघांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून कसोट्या टाकाऊ आहेत असें नव्हे. त्या एका दिवशींचें, एका प्रकारचें काम दाखवितात. प्रश्नांचा धाटणीशीं परिचय व्हावा, मूल बावरूं नये, इतक्यापुरता एकदोन वेळां सराव देणें इष्टच आहे. वर्षभर तींच तीं कोडीं घोटून घेतलीं तर गुण वाढतील. पण मग परीक्षा मुलाची झाली कीं शिकवणीची, हें परीक्षकासहि सांगतां येणार नाहीं.

महादेवास घाई कोणी केली नाहीं, हें त्याचें भाग्य म्हणावें. कोल्हापुरांत तो प्रथम मराठी शाळेंत शिकला व १८५१ मध्यें इंग्रजी शाळेंत गेला. तेथें हळूहळू तो पुढें आला. परीक्षा उतरल्याचें इतर मुलें धांवत घरीं सांगत. हा मात्र कोणी विचारीपर्यंत बोलत नसे. अभ्यास केला म्हणजे उत्तीर्ण व्हावयाचेंच, त्यांत सांगण्यासारखें तें काय, असें त्यास वाटे. इतक्यांत मातृवियोगाचें दुःख त्याच्यावर आलें. मुलाच्या पोटापाण्याविषयीं जिनें एवढी काळजी वाहिली, तिला त्याचें पुढील वैभव पाहावयास मिळालें नाहीं.

१८५६ मध्यें, वयाच्या चौदाव्या वर्षीं, तो मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत दाखल झाला. घरापासून इतक्या दूर मुलास धाडणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. रेल्वे अद्याप कोल्हापुरास आली नव्हती. पुढचा इतिहास प्रसिद्धच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेंत ते उत्तीर्ण झाले. आणि १८६२ मध्यें विद्यापीठाचे जे पहिले चार बी. ए. झाले त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह माधवराव रानडे होते. एका निबंधांत त्यांनीं मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, ती प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांस रुचली नाहीं, व सहा महिने त्यांची शिष्यवृत्ति बंद राहिली. गुण देणाराच शिष्यवृत्तीचा धनी असतां त्यास न रुचणारें लिहिणें सोपें नव्हे.

या यशाची एक किंमतहि त्यांस द्यावी लागली, ती चरित्रकार सहसा ओझरती सांगतात. रात्रंदिवस वाचन करून त्यांचे डोळे बिघडले व कित्येक महिने डोळ्यांवर पट्टी बांधून राहावें लागलें. त्या अवस्थेंतहि ते दुसऱ्याकडून पुस्तकें वाचवून घेत व ऐकून लक्षांत ठेवीत. त्यांच्या स्मरणशक्तीचें कौतुक करावें तेवढें थोडें; पण डोळे मात्र पुन्हां पूर्ववत् झाले नाहींत. जे पालक सहा वर्षांच्या मुलास रात्रीं दिव्याखालीं बसवून कोडीं सोडवून घेतात, त्यांनीं चरित्राचें हें पान वगळूं नये.

१८६४ मध्यें एम्. ए. व १८६६ मध्यें एल्एल्. बी. होऊन ते थोड्या काळापुरते कोल्हापुरासच न्यायाधीश म्हणून आले. ज्या गांवांत त्यांची गणना मंद मुलांत झाली होती, तेथील लोक आतां त्यांच्यासमोर आपले तंटे घेऊन उभे राहूं लागले. वडील तेव्हां हयात होते. १८७१ मध्यें त्यांची पुण्यास नेमणूक झाली, १८९३ मध्यें ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, आणि १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस निवर्तले. अखेरच्या वर्षांतहि त्यांचें पुष्कळसें वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांनींच होत असे, आणि तें काम बहुधा रमाबाई करीत.