झारीतला शुक्राचार्य

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर काय होते, हे कुठल्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. डबा कलता केला की आधी भसकन ओंजळभर तेल येते, मग धार अडखळते, डब्याच्या पोटात गुडगुड होते, पत्रा टणटण वाजतो आणि बरणीत पडायचे तेल ओट्यावर पडते. म्हणून एका कोपऱ्याला मोठे भोक पाडायचे आणि समोरच्या कोपऱ्याला खिळ्याने दुसरे, लहानसे. एकातून तेल बाहेर येते. दुसऱ्यातून आत काय जाते ते दिसत नाही, पण ते गेल्यावाचून धार धरत नाही. बळीराजाच्या झारीत शुक्राचार्य जाऊन बसला आणि दानाचे पाणी अडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. डब्यातला शुक्राचार्य त्याच्या उलट आहे. तिथे कोणी आत शिरून बसला म्हणून नव्हे, तर कोणी आत शिरू शकला नाही म्हणून धार अडते.

मोठ्या कॅनमधून, पिंपातून द्रव ओतण्यासाठी आता अशी तोटी मिळते, की हवेची वाट तिच्या पोटातच असते. दुसरे भोक पाडायची गरज उरत नाही. दिसायला साधी वस्तू, पण ती समजून घ्यायची तर पावणेचारशेहून अधिक वर्षे मागे, इटलीतल्या एका अबोल माणसाकडे जावे लागते. शाळेच्या पुस्तकात तो टॉरिसेली या नावाने भेटतो, तेही पाऱ्याच्या नळीच्या आकृतीखाली, एका ओळीत. त्याच्या मायबोलीत त्याचे नाव एव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १६०८ चा, रोममधला. घराणे फाएन्झा गावाकडचे, परिस्थिती बेताची. काका मठात संन्यासी होता. त्यानेच पुतण्याची हुशारी हेरून त्याला शिकवले आणि पुढे रोमला बेनेदेत्तो कास्तेल्ली या गणितज्ञाकडे पाठवले. कास्तेल्ली गॅलिलिओचा शिष्य. वाहत्या पाण्याचा अभ्यास हा त्याचा खास विषय. तोरिचेल्ली त्याच्याकडे विद्यार्थी म्हणून आला आणि चिटणीस म्हणून राहिला. शिकवणीची फी परवडत नसलेल्या हुशार पोरांनी गुरूची पत्रे लिहावीत, ही रीत तिकडेही होती.

अशाच कामातून १६३२ मध्ये त्याचा गॅलिलिओशी पत्राने परिचय झाला. कास्तेल्ली गावाला गेला होता, म्हणून गॅलिलिओच्या पत्राला उत्तर लिहिण्याचे काम या तेवीस वर्षांच्या चिटणिसाकडे आले. त्यात त्याने उत्साहाच्या भरात स्वतःविषयीही लिहिले: आपण ज्योतिषाचा अभ्यास केला आहे आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत आपल्याला पटले आहे. पुढच्याच वर्षी, जून १६३३ मध्ये, धर्मसभेने गॅलिलिओला गुडघे टेकायला लावून तेच मत सोडायला लावले आणि नजरकैदेत टाकले. त्यानंतर तोरिचेल्लीने तो विषय बाजूला ठेवला आणि तो गणिताकडे वळला. शंकूंचे घनफळ आणि वक्ररेषांची लांबी यांत कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही.

याला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. बँकेत कागदावर काय लिहायचे नाही हे ज्याला वेळेवर कळते, अशा माणसाकडेच पुढे अवघड खाती सोपवली जातात. तोरिचेल्लीला ते लवकर कळले.

१६४१ मध्ये पडणाऱ्या वस्तूंच्या गतीवर त्याने लिहिलेली वही कास्तेल्लीने गॅलिलिओला नेऊन दाखवली. म्हातारा गॅलिलिओ तेव्हा पूर्ण आंधळा झाला होता आणि फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री इथल्या घरात कैदेत होता. त्याने तरुणाला बोलावून घेतले. ऑक्टोबरमध्ये तोरिचेल्ली तिथे पोहोचला. घरात आधीपासून व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा शुश्रूषेला होता. दोघांनी मिळून म्हाताऱ्याचे शेवटचे विचार टिपून घेतले. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ गेला. गुरुशिष्यांना एकमेकांचा सहवास मिळाला तो जेमतेम तीन महिन्यांचा. त्या प्रांताचा अधिपती फर्दिनांदो मेदिची याने तोरिचेल्लीला गॅलिलिओच्या जागी नेमले खरे, पण गॅलिलिओकडे दरबारचा गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ अशा दोन पदव्या होत्या. याला एकच मिळाली. तत्त्वज्ञ हा शब्द गाळला गेला.

गॅलिलिओ मागे एक न सुटलेले कोडेही ठेवून गेला. विहिरीच्या पंपाने पाणी ओढले तर ते अठरा हातांपर्यंत चढते आणि तिथे थांबते. (फ्लॉरेन्सचा हात आपल्या हातापेक्षा लांब, अठरा हात म्हणजे सुमारे साडेदहा मीटर.) पंप कितीही चांगला असो, त्यावर पाणी चढत नाही. निसर्गाला पोकळीचे वावडे आहे, म्हणून पाणी पंपामागे धावते, असे शेकडो वर्षे शिकवले जात होते. मग हे वावडे अठरा हातांवर का संपावे? गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात म्हटले होते, की फार लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा खांब तुटतो. रोममध्ये गास्पारो बेर्ती याने घराच्या दर्शनी भिंतीला उंच नळ उभा बांधून पाण्याने भरला आणि खालची तोटी उघडली. पाणी उतरले, पण त्या ठरावीक उंचीवर येऊन थांबले. वर जे रिकामे राहिले ते काय, यावर वाद माजला.

तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जड, म्हणजे खांब तितक्याच पटीने बुटका होणार आणि घरावर चढावे लागणार नाही. एका बाजूने बंद अशी दोन हातांची काचेची नळी पाऱ्याने भरायची, तोंडावर बोट धरून पाऱ्याच्या परातीत उलटी उभी करायची आणि बोट काढायचे. प्रत्यक्ष प्रयोग व्हिव्हियानीने केला. पारा घसरला आणि सव्वा हातावर, वर आणखी बोटभर, असा थांबला. आजच्या मापात ७६ सेंटिमीटर.

नळ्या दोन घेतल्या होत्या. एकीच्या डोक्यावर काचेचा मोठा फुगा होता, दुसरी सरळ. वरची पोकळी पाऱ्याला ओढत असती, तर मोठी पोकळी जास्त ओढेल आणि तिथे पारा उंच राहील. तसे झाले नाही. दोन्ही नळ्यांत पारा एकाच पातळीला राहिला. म्हणजे आत ओढणारे कोणी नाही, बाहेरून ढकलणारे कोणीतरी आहे. हवेला वजन आहे, तिचा अथांग समुद्र आपल्या डोक्यावर आहे आणि आपण त्याच्या तळाशी वावरतो, हा त्याचा निष्कर्ष. आज त्या वजनाचा हिशेब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असा मांडला जातो.

ही हकीकत त्याने जून १६४४ मध्ये रोममधल्या मिकेलांजेलो रिच्ची या मित्राला पत्राने कळवली. रिच्चीने उलट शंका विचारली आणि डब्याच्या दृष्टीने खरी मौज इथे आहे. परातीवर घट्ट झाकण बसवले तर वरच्या साऱ्या हवेचा भार झाकणावर येईल. मग आतला पारा खाली का येत नाही? महिना संपायच्या आत तोरिचेल्लीने उत्तर लिहिले. दाबून भरलेल्या लोकरीच्या ढिगात मधोमध लोखंडी पट्टी आडवी घुसवली, तर वरचा भार पट्टीवर येतो. पण पट्टीखालची लोकर आधी जितकी दाबलेली होती तितकीच दाबलेली राहते. झाकणाखालची हवाही तशीच. मात्र ती कोंडलेली हवा विरळ असेल, तर ती तेवढी कमी रेटेल आणि पारा तेवढा उतरेल.

आता तेलाचा डबा घ्या. वरचे भोक बंद आहे. थोडे तेल बाहेर आले की आतल्या हवेला जास्त जागा मिळते, ती पसरते, विरळ होते आणि तिचा रेटा घटतो. बाहेरची हवा मात्र भोकाच्या तोंडाशी पूर्ण जोराने वर रेटत असते. फूटभर तेलाचे वजन तोलायला किती घट लागते? शंभरात जेमतेम तीन भाग. एवढ्याने धार थांबते. भोक लहान असेल तर थांबूनच राहते. मोठे असेल तर बाहेरची हवा बुडबुड्याने आत घुसते, पुन्हा भसकन तेल येते, पुन्हा अडते. एसटीच्या एकाच दारातून चढणारे आणि उतरणारे एकदम झुंबड करतात, तशी ती गुडगुड. आम्हा बँकवाल्यांना हे पटकन समजते. एका खात्यात नावे टाकले की दुसरीकडे जमा दाखवावेच लागते, त्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. दारूचे पिंप बांधणारे कारागीर हे तोरिचेल्लीच्या पुष्कळ आधीपासून जाणत होते. खाली तोटी आणि वर काढता येणारी खुंटी. पण का, ते पंडितांना सांगता येत नव्हते.

त्याच वर्षी तोरिचेल्लीचा एकमेव छापील ग्रंथ निघाला. त्यात भांड्याच्या भोकातून पडणाऱ्या धारेचा नियम आहे. धारेचा वेग वरच्या द्रवाच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वेग दुप्पट हवा तर उंची चौपट हवी. टाकी रिकामी होत आली की नळाची धार मलूल का पडते, त्याचे हे गणित.

हे दोन्ही विचार एकत्र केले की ती तोटी तयार होते. तोटीत दोन वाटा ठेवायच्या, मोठी द्रवाला आणि लहान हवेला. कळीचा प्रश्न असा, की हवेच्या नळीचे आतले तोंड कुठे उघडावे? द्रव जिथून बाहेर पडतो त्याच पातळीला ते ठेवले तर धारेला जोरच मिळत नाही आणि गुडगुड परत सुरू होते. ते वर हवे. दोहोंमधले अंतर जितके जास्त तितका धारेला जोर, आणि डब्यातली पातळी हवेच्या तोंडाखाली उतरेपर्यंत धार एकसारखी राहते. ही शेवटची गोष्ट पुढच्या पिढीतल्या मारिओत या फ्रेंच माणसाच्या नावावर आहे. तशा बाटलीला अजून त्याचेच नाव आहे. हवेची नळी फार बारीक करूनही चालत नाही, दाट तेल तिच्यात अडकून बसते. आणि नळीचे बाहेरचे तोंड तोटीच्या टोकाशी ठेवले तर एक गंमत साधते. खालची बरणी भरून द्रव त्या तोंडापर्यंत चढला की हवेची वाट बुजते आणि धार आपोआप थांबते. वीस लिटरचा पाण्याचा जार स्टँडवर उलटा ठेवला तरी खालचे पाणी वाहून जात नाही, तेही याच कारणाने. तो जार म्हणजे तोरिचेल्लीची नळी आणि परात, फक्त पाऱ्याऐवजी पाणी. काचेच्या सलाइनच्या बाटलीला वेगळी सुई खुपसलेली अनेकांनी आजाऱ्याच्या उशाशी पाहिली असेल. तिच्यातून औषध येत नाही, हवा जाते. उलट, हवेची वाट बंद ठेवून पंपाने टाकी उपसली तर पोलादी टाकीही कागदाच्या खोक्यासारखी चेपते.

इतके हाती लागूनही तोरिचेल्लीने हवेचा प्रयोग छापला नाही. पोकळी असू शकते हे म्हणणे सरळ जुन्या तत्त्वज्ञानाविरुद्ध जात होते आणि आर्चेत्रीचा आंधळा म्हातारा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. तो दुर्बिणीच्या भिंगांकडे वळला. ती इतकी उत्तम घाशी, की त्यांतून त्याला चांगला पैसा मिळाला. घासण्याची रीत त्याने गुप्त ठेवली. त्याचे एक भिंग फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जपलेले आहे. फ्रान्समधल्या रोबेर्वालने चक्रजवक्रावरून त्याच्यावर उसनवारीचा आरोप केला, तेव्हा मात्र तो दुखावला आणि आपला पत्रव्यवहार छापण्याच्या तयारीला लागला. ती तयारी अर्धवटच राहिली. २५ ऑक्टोबर १६४७ रोजी, एकोणचाळीस पुरे होऊन दहाच दिवस झाले असताना, तापाने त्याचा अंत झाला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये त्याला पुरले.

प्रयोगाची बातमी तोवर मेर्सेन नावाच्या धर्मोपदेशकामार्फत फ्रान्सला पोहोचली होती. पास्कालने १६४७ मध्ये आपल्या प्रयोगांची पुस्तिका काढली. तिच्यात इटलीतल्या प्रयोगाचा उल्लेख होता, पण करणाऱ्याचे नाव नव्हते. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्यूइ द दोम या डोंगरावर नेली आणि शिखरावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर उतरलेला दिसला. वर हवेचा थर कमी, म्हणून रेटाही कमी. ज्याने हे आधीच ताडले होते, त्याला जाऊन अकरा महिने झाले होते.

रिच्चीला लिहिलेली ती पत्रे १६६३ मध्ये, लिहिल्यानंतर एकोणीस वर्षांनी छापली गेली. कार्लो दाती या फ्लॉरेन्सच्या विद्वानाने ती छापली, तोरिचेल्लीचे श्रेय त्याचे त्याला मिळावे म्हणून. पुस्तिकेवर मात्र त्याने स्वतःचे नाव न घालता टोपणनाव घातले.