पगार नाकारणारे प्रोफेसर – जगदीशचंद्र बोस



जगदीशचंद्र बोस म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो... झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ! अल कुसैसमध्ये मुलांचा अभ्यास घेताना आम्हीही तेवढंच सांगत आलो. पण त्याआधीचे बोस फारसे कुणाला ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. केंब्रिजला शिकून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रोफेसर झाले. तिथे भारतीयांना गोऱ्यांच्या दोन तृतीयांश पगार. यांची नेमणूक हंगामी, म्हणून फक्त एक तृतीयांश! बोसांनी निषेध म्हणून तीन वर्षं पगाराला हातच लावला नाही. शिकवणं मात्र एक दिवस थांबवलं नाही. घरी वडिलांवर कर्ज होतं, तरीही. शेवटी सरकार नमलं, नेमणूक कायम झाली आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने मिळाला. त्यातून कर्ज फिटलं. पासपोर्ट पाहून पगार ठरण्याचा अनुभव आखातात ज्यांनी घेतलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्या खोलीत, पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवली आणि अवघ्या ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. आजच्या भाषेत मायक्रोवेव्ह! या लहरी त्यांनी निरनिराळ्या पदार्थांतून पाठवल्या. नेमलाईट या तंतुमय खनिजात लहर तंतूंच्या दिशेने शोषली जाई, आडवी मात्र पार होई. कारण तंतूंच्या दिशेने वीज जास्त सहज वाहते. म्हणजे पदार्थात वीज कशी धावते, हे लहरीनेच सांगितलं!

आज सोलर सेलसाठी नवा पदार्थ तपासताना त्यावर प्रकाशाचा झोत टाकतात. आतले विद्युतभार सुटे होतात. ते किती मायक्रोवेव्ह शोषतात, यावरून त्यांची चपळाई मोजतात, तारा न जोडता. मूळ विचार तोच.

गॅलेना या शिशाच्या खनिजापासून लहरी टिपणारं उपकरणही बोसांनी केलं. त्याला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. पैसा कमावण्यात मात्र त्यांना रस नव्हता. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात संशोधन संस्था उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

येत्या ३० नोव्हेंबरला मुलांना झाडांच्या धड्याबरोबर या पगाराची गोष्टही जरूर सांगूया.